फडक्याची धार

दुसऱ्या रेल्वे गेटवर गेट पडलं की टिळकवाडीच्या माणसाला दोनच उद्योग उरतात. इंजिन बंद करायचं आणि समोर बघत बसायचं. मार्चमधली संध्याकाळ होती, मालगाडी लांबलचक होती आणि कलतं ऊन थेट माझ्या बॉनेटवर उतरलं होतं. दीड वर्षाची काळी गाडी. त्या काळ्या बॉनेटवर सूर्याचा एक लखलखता ठिपका, आणि ठिपक्याभोवती कोळ्यानं बसून विणावं तसं जाळं. गोल गोल, केसाहून बारीक, चंदेरी रेघा. मी डोकं डावीकडं नेलं की जाळंही सरकायचं. गेट उघडलं, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला, तरी मी बघतच होतो.

घरी येऊन पुसून बघितलं, जाईना. मग मोबाइलचा टॉर्च लावून गाडीभोवती फेरी मारली. बॉनेट, टप, दारं, डिकी. जिथं टॉर्च धरावा तिथं जाळं हजर. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा कठड्यावरून बघत होता. म्हणाला, "काका, स्वर्ल मार्क म्हणतात त्याला." नाव कळल्यानं दुःख काही कमी झालं नाही.

दुःखाला लाजेचाही एक पदर होता. मी ३४ वर्षं उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्रँकशाफ्टच्या ग्राइंडिंगवर काढली. जर्नलवरून चार-पाच मायक्रॉन जास्त निघाले तर अख्खा शाफ्ट भंगारात, हे डोक्याआधी माझ्या हाताला कळतं. पृष्ठभागावर रेघ कशानं पडते आणि ती काढायची कशी, यावरच माझा प्रपंच चालला. आणि तोच मी रोज सकाळी साडेसहाला, दुधाची पिशवी आत ठेवली की, पिवळं फ्लॅनेलचं फडकं घेऊन गाडी पुसायचो. कोरडी. गोल गोल हात फिरवत. दीड वर्ष, एक दिवस न चुकता. पाहुणे म्हणायचे, गाडी ठेवावी तर यांनी.

ग्राइंडिंग व्हील म्हणजे असतं तरी काय? कठीण कण, आणि ते कण घट्ट धरून ठेवणारा बाँड. धुळीनं भरलेलं फडकं म्हणजे हुबेहूब तेच. कण रस्त्यावरून येतात, धरून ठेवायला फ्लॅनेलचे धागे आहेत, आणि दाब द्यायला माझं प्रेम. बेळगावची धूळही काही साधीसुधी नव्हे. खानापूरकडची तांबडी माती आहे, रस्त्यांच्या कामांची खडी आणि वाळू आहे. आमच्या फाउंड्र्यांत साचे ज्या वाळूचे करतात ती सिलिकाच, आणि रस्त्यावरच्या धुळीतही सिलिकाचा वाटा मोठा असतो. काठिण्य मोजायच्या मोह्सच्या मापावर सिलिका ७ वर बसते. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. गाडीच्या रंगावरचा थर तर प्लास्टिकच्या जातीचा, त्याची काय कथा. हे सगळं मला नोकरीत तोंडपाठ होतं. फक्त ते फाटकाच्या आतल्या गाडीलाही लागू आहे हे सुचायला एक मालगाडी आडवी यावी लागली.

मात्र एक कोडं सुटेना. मी हात गोल फिरवत होतो हे खरं, पण टॉर्च जिथं नेईन तिथं वर्तुळांचा मध्य कसा येतो? गाडीवर इतकी वर्तुळं काही मी काढली नव्हती. रात्री जेवताना हिला सांगत होतो. तिनं उत्तर न देता स्वयंपाकघरातून एक रिकामं स्टीलचं ताट आणलं आणि दिव्याखाली धरलं. "हे बघा. रोज तारेच्या घासणीनं घासतो. हीच की तुमची जाळी." होय की! तीच. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती तशाच गोल रेघा, आणि ताट हलवलं की त्या दिव्यामागं धावतात.

ताट हातात घेऊन भिंग लावलं. रेघा गोल नाहीतच. आडव्या, उभ्या, तिरप्या, कशाही पडलेल्या आहेत. पण प्रत्येक रेघ म्हणजे एक बारीक चर, आणि चराच्या कडेवरून उजेड डोळ्याकडं वळतो तो ठरावीक दिशेनंच. दिव्याकडून येणाऱ्या उजेडाला जी रेघ आडवी पडते तेवढीच चमकते, बाकीच्या गप्प बसतात. दिव्याभोवती चारी बाजूंनी अशा आडव्या रेघा तेवढ्या उठून दिसल्या की डोळा त्यांचं वर्तुळ जुळवतो. म्हणून जाळं आपल्याबरोबर फिरतं. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही ते असतंच, पण पांढरा रंग स्वतःच इतका उजेड परतवतो की त्यात रेघ हरवते. काळ्यावर लपायला जागा नाही. हिनं गाडी घेतानाच सांगितलं होतं पांढरी घ्या म्हणून. ते ती त्या रात्री पुन्हा म्हणाली नाही, एवढे तिचे उपकार.

यानंतर मी जी चूक केली ती पहिलीपेक्षा महाग पडली. कुणीतरी एक गॅरेज सुचवलं, "रबिंग-पॉलिश करून देतात, दोन तासांत आरसा." नाव-गाव सांगत नाही. दोन तासांत खरंच आरसा झाला. मी खूश, गेटमनही खूश. तीन आठवड्यांत गाडी दोनदा धुतली आणि जाळं परत आलं, वर एक नवीन दुखणं घेऊन. उन्हात बॉनेटवर धुरकट पट्टे दिसायला लागले, मशीनचा हात जसा नागमोडी फिरला असेल तसे. याला होलोग्राम म्हणतात हे मागाहून कळलं. वेगानं एकाच जागी गरगर फिरणाऱ्या रोटरी मशीनला लोकरीचा पॅड आणि जाड कंपाउंड लावून घाईनं फिरवलं की जुन्या रेघांच्या जागी नव्या, जास्त बारीक आणि एका दिशेच्या रेघा येतात. मग त्या दिसू नयेत म्हणून वरून तेलकट ग्लेझ चोपडतात. तेल चरांमध्ये भरून बसतं, उजेड सरळ परततो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. शांपू लागला की तेल गेलं. ग्राइंडिंग खात्यात आम्ही असा शाफ्ट पाठवला असता तर इन्स्पेक्टरनं आधी केरोसिननं पुसून घेतला असता आणि मग आमची शोभा केली असती.

शेवटी अनगोळच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका पेंटरकडं गेलो. पन्नाशी उलटलेला माणूस, अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळापासून रंगकामात. कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलतो, जसे आम्ही सगळेच. मी बॉनेटवर बोट ठेवून जाळं दाखवायला गेलो तर त्यानं माझं मनगटच धरलं. "काका, मोदलु नीर हाकरी. आधी पाणी, मग बोट." माझ्या त्या एका बोटानंही धूळ घासली जात होती. तिथंच ठरवलं, गाडी याच्याच हातात द्यायची.

त्यानं कपाटातून एक छोटं मीटर काढलं आणि गाडीवर ठिकठिकाणी टेकवलं. पत्र्यावर रंगाचे सगळे थर मिळून किती जाडी आहे ते हे यंत्र मायक्रॉनमध्ये सांगतं. बॉनेट मधोमध ११८. टप १२१. मागचं उजवं दार २६०. पेंटर माझ्याकडं बघून हसला. ते दार जावयानं गेटच्या खांबाला घासलं होतं आणि आम्ही गुपचूप रंगवून घेतलं होतं. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा असं मीटर असलेला माणूस बरोबर न्या. मालक काय सांगतो त्यापेक्षा ते खरं बोलतं.

आता ११८ मायक्रॉन म्हणजे किती? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे दोन केससुद्धा नाहीत, आणि तेवढ्यात चार थर. पत्र्यालगत गंज रोखणारा प्रायमर, जो कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेनं चढवतात. त्यावर सरफेसर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर बिनरंगाची क्लिअर. पेंटर लोक तिला लॅकरही म्हणतात. गाडीची चमक, उन्हाशी झुंज, पाखरांच्या विष्ठेतल्या आम्लाशी झुंज, सगळं या क्लिअरच्या जिवावर, आणि ती असते साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. आपली जाळी याच थराच्या वरच्या कातडीत असते, खालच्या रंगाला तिचा पत्ताही नसतो. एक परीक्षा सोपी आहे. रेघेवरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर पॉलिशनं निघेल. अडकलं तर ती जखम खोल आहे, तिला पॉलिशनं काढायला जाऊ नका. कडा थोड्या बोथट करून सोडून द्या, नाहीतर टच-अप.

रेघ काढणं हा शब्दही तसा खोटाच आहे. रेघ म्हणजे खड्डा, खड्डा काढता येत नाही. त्याच्या भोवतालची जमीन खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायची, एवढंच करता येतं. साध्या पॉलिशला एक-दोन मायक्रॉन जातात, कंपाउंड मारलं तर तीन-चार, हातावर अवलंबून. ते परत येत नाहीत. शिवाय उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्यं या क्लिअरमध्येच असतात. क्लिअर फार पातळ केली की पाच-सात वर्षांनी टपावर पांढरे चट्टे येऊन पापुद्रे सुटतात. अशा गाड्या तुम्ही बघितल्या असतील. उन्हाला शिव्या बसतात, पण काही वेळा कारण हौशीनं दर दिवाळीला केलेलं रबिंग असतं.

जुन्या गाड्यांना हे दुखणं वेगळ्या तऱ्हेचं होतं. पेंटर सांगत होता, पद्मिनीला पॉलिश मारलं की फडक्यावर गाडीचाच रंग यायचा, कारण वर क्लिअर नव्हतीच, रंग हाच शेवटचा थर. त्याच्या तोंडी अजून 'ड्युको' हा शब्द आहे. आमच्याकडचे सुतारही कपाटाला स्प्रेनं चकचकीत रंग मारायचा असला की ड्युको मारू का विचारतात. हे मूळचं अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. त्याच्या आधी मोटारी ब्रशनं तेलाच्या रंगानं आणि व्हार्निशनं रंगवत, आणि वाळायला आठवडेच्या आठवडे जात. फोर्डनं १९१४ नंतर बरीच वर्षं आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या १९२४ च्या मॉडेलसाठी ड्युकोच्या निळ्या रंगात आल्या, आणि तासांत वाळणारा रंगीत स्प्रे जगभर गेला. त्याच १९२४ च्या डिसेंबरात इथं टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. त्यासाठी खणलेली विहीर आजही आहे, आणि काँग्रेस रोडवरून मी रोज जातो. त्या वेळी पाहुण्यांना घेऊन आलेल्या मोटारी कोणत्या रंगाच्या असतील, हा विचार हल्ली तिथून जाताना डोक्यात येतो. पूर्वी यायचा नाही.

पॉलिशचा दिवस ठरला. पेंटरला मी एकच अट घातली की मी शेजारी स्टूल टाकून बसणार. त्यानंही एक अट घातली, मध्ये बोलायचं नाही. ती मी पाळली नाही.

सकाळी गाडी धुऊन झाल्यावर त्यानं हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घातली आणि माझाही हात तसाच करून बॉनेटवरून फिरवायला लावला. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारं बॉनेट पिशवीतून रव्यासारखं खरखरीत लागलं. हे लोखंडाचे कण. रुळांवरून गाडी जाताना, ब्रेक लागताना उडणारे, आणि उद्यमबागेत आमच्याच ग्राइंडरांवरून उडणारे. ते रंगात रुततात आणि तिथंच गंजतात. रेल्वे आणि कारखाने दोन्ही उशाशी घेऊन राहणाऱ्या टिळकवाडीकराला यातून सुटका नाही. पेंटरनं एक फवारा मारला, कुजक्या अंड्यासारखा वास आला, आणि दोन-तीन मिनिटांत काळ्या गाडीवरून जांभळं पाणी ओघळायला लागलं. औषधाचा लोखंडाशी संयोग झाला की हा रंग येतो. धुतल्यावर उरलेसुरले कण त्यानं क्ले बारनं काढले. लहान पोरं खेळतात त्या चिकणमातीसारखा गोळा असतो. पृष्ठभाग साबणाच्या पाण्यानं निसरडा ठेवायचा आणि गोळा हलकेच सरकवायचा. कण त्यात रुतून निघून येतात. गोळा खाली पडला तर फेकून द्यायचा, कितीही महाग असो. ही पायरी गाळून मशीन लावलं तर तेच कण पॅडखाली सापडून नव्या रेघा मारतात.

मग कडांना, रबराला आणि दिव्यांभोवती मास्किंग टेप. पेंटर टेप ओढत असताना मला राहवलं नाही, ही गोष्ट सांगितलीच. ही टेप निघाली तीच मुळी मोटार रंगवणाऱ्यांसाठी. थ्री एम ही कंपनी १९०२ साली कुरुंदाचा दगड खणायला निघाली, दगड भलताच निघाला, मग ती वॉटर पेपर वगैरे करायला लागली. त्यांचा रिचर्ड ड्रू नावाचा तरुण गॅरेजांत पेपरचे नमुने घेऊन जायचा. दोन रंगांच्या गाड्यांवर चिकटवलेला कागद सोलताना रंगही निघायचा आणि पेंटर शिव्या द्यायचे, ते त्यानं ऐकलं आणि १९२५ मध्ये ही टेप करून दिली. पेंटर म्हणाला, "शिव्या वाया जात नाहीत बघा."

मशीन त्यानं ड्युअल ॲक्शन घेतलं. याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी लहान फेऱ्याही मारतो, त्यामुळं एक कण एकाच वाटेनं दोनदा जात नाही, एका दिशेच्या रेघा पडत नाहीत आणि एका जागी उष्णता साठत नाही. उष्णतेचं मला कळतं. ग्राइंडिंगला कूलंट कमी पडला की जर्नल निळं पडतं आणि बारीक तडे जातात. गाडीच्या कडेवर तीच चूक झाली तर क्लिअर जळून खालचा रंग उघडा पडतो. कडा आणि बॉडीच्या उभारलेल्या रेषा यांवर रंग मुळातच पातळ असतो, म्हणून तर टेप.

पॉलिशमध्ये कण कुठले म्हणून बाटली वाचली, तर ॲल्युमिनियम ऑक्साइड. माझ्या व्हीलमध्ये जन्मभर हेच होतं! फरक कणाच्या बारीकपणाचा. पेंटरनं बॉनेटचा दीड-दोन फुटांचा चौकोन नमुन्याला घेतला. आधी सगळ्यात मऊ फोमचा पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश. वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन मंद चालवून पसरवलं, मग वेग वाढवून आडव्या फेऱ्या, मग उभ्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. हात इतका सावकाश की मला वाटलं, झोप लागली काय. पुसून स्पिरिटसारखं काहीतरी मारलं, तेल उडवायला, आणि टॉर्च धरला. बारीक जाळं गेलं होतं, होलोग्राम तसाच. तेव्हा कुठं त्यानं एक पायरी कडक पॅड घेतला. कमीत कमी मारानं जे निघेल ते बघायचं आणि मगच पुढं जायचं, हा त्याचा नियम. दोन तासांत आरसावाल्यानं सुरुवातच लोकरीनं केली होती.

प्रत्येक चौकोनानंतर तो पॅड ब्रशनं झाडत होता. त्यात काढलेली क्लिअर आणि वाळलेलं पॉलिश भरतं, मग पॅड कापत नाही, नुसता तापतो. आम्ही याला व्हील भरलं म्हणायचो आणि हिऱ्यानं ड्रेसिंग करायचो. मी हे म्हटल्यावर त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं कारागिरानं कारागिराकडं बघावं तसं बघितलं आणि डाव्या दाराचा एक चौकोन मला करू दिला. माझा हात चांगला बसला. गाडीला पूर्ण दीड दिवस लागला. नखाला अडकणाऱ्या पाच-सहा रेघा त्यानं ठेवल्या. "असू देत की, गाडी आहे, सोनं नव्हे."

यानंतर खरा प्रश्न धुण्याचा. पॉलिश दीड दिवसाचं, धुणं दर आठवड्याचं, आणि जाळी धुतानाच पडते. आता माझी रीत अशी. गाडी सावलीत, पत्रा गार. आधी नुसतं पाणी, भरपूर, वरून खाली, जेवढी माती हात न लावता जाईल तेवढी घालवायची. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलं की दारांच्या खालच्या पट्टीवर तांबड्या चिखलाचं पोटीस बसतं. त्याला पाच मिनिटं भिजत ठेवायचं. मग दोन बादल्या. एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि मगच परत शांपूत. साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी मी भाज्या निथळायची जुनी प्लास्टिकची जाळी पालथी घातली आहे, म्हणजे खाली बसलेली वाळू ढवळून वर येत नाही. पहिल्या दिवशी धुणं झाल्यावर त्या बादलीचा तळ हिला दाखवला. चमचाभर तांबडी रेती. दीड वर्ष रोज ही मी गाडीवर फिरवत होतो.

हात सरळ रेषेत फिरवायचा, टपापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग शेवटी, चाकांचा कपडा वेगळा आणि तो चुकूनही वर येऊ द्यायचा नाही. पुसताना मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरायचा आणि नुसता ओढून घ्यायचा. हे टॉवेल बनियन-धोतरांबरोबर मशीनमध्ये टाकू नका, दोरे धरतात. जमिनीवर पडला की तो टॉवेल चाकांच्या खात्यात गेला. बोअरचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे गोल डाग पडतात आणि ते काढायला परत पॉलिशच लागतं.

वॉशिंग सेंटरला जावं लागलंच तर मी हल्ली फोम आणि प्रेशरचं पाणी मारून घेतो आणि पोरगा ब्रश किंवा कपडा घेऊन पुढं आला की हात जोडतो. तो कपडा माझ्या आधी टेंपोच्या मडगार्डावरून फिरलेला असतो. पोराचा दोष नाही, त्याला दिवसाला किती गाड्या उरकायच्या असतात. गाडी ओलीच घरी आणतो. झाकायच्या कव्हरबद्दलही माझं मत फिरलं. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि आषाढातला वारा सुटला की ते रात्रभर बॉनेटवर फडफडतं, म्हणजे माझं फडकंच, फक्त मोठं.

सणावाराला जपावं लागतं. गणपतीच्या मिरवणुकीत गाडीवर गुलाल बसला तर झटकायला जाऊ नका, पाण्यानंच घालवा. खंडेनवमीला मी कारखान्यातही मशीनची पूजा करायचो, गाडीची तर करणारच. पण ओलं कुंकू आता बॉनेटवर लावत नाही, नंबरप्लेटवर लावतो; काळ्यावर दिसलं नाही तरी शेजारच्यांच्या पांढऱ्या गाडीवर गुलाबी टिळा महिनाभर राहिला होता. झेंडूचा हार ग्रिलला बांधतो आणि संध्याकाळी काढतो, नाहीतर वाऱ्यानं तो रंगावर झुलत राहतो.

कोटिंगवाले फोन करतात. सिरॅमिक कोटिंग वाईट नाही. पाणी टिकत नाही, माती लवकर सुटते, म्हणून घासावं कमी लागतं, हा त्याचा खरा फायदा. पण ते एक-दोन मायक्रॉनचं असतं आणि '९एच काठिण्य' म्हणून जे सांगतात ते पेन्सिलीच्या परीक्षेतलं ९एच. शिसपेन्सिलीची ती मोजपट्टी वेगळी आणि मोह्सची वेगळी; सिलिकाचा कण या कोटिंगवरही रेघ मारतो. आणि खालची जाळी न काढता वर कोटिंग केलं तर जाळी आत बंद करून ठेवल्यासारखी. खरोखर मार सोसते ती पारदर्शक फिल्म, दीड-दोनशे मायक्रॉन जाडीची, जिच्यावरची बारीक रेघ उन्हाच्या उबेनं आपोआप भरून येते. महाग आहे. निसाननं २००५ साली असाच, रेघ आपोआप भरून काढणारा क्लिअरकोटही बाजारात आणला होता. मी यातलं काही केलं नाही, साधं मेण लावतो, दोन-तीन महिन्यांनी. वेळ आहे माझ्याकडं.

शॉप फ्लोअरवरच्या माझ्या जुन्या डायरीत आता एक पान गाडीचं आहे. बॉनेट मधोमध, आधी ११८, नंतर ११५. टप, आधी १२१, नंतर ११९. पेंटर म्हणतो, असा हात आणखी एकदा, फार तर दोनदा सोसेल, त्यापुढं मागायला येऊ नका. मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, त्यात क्लिअर नेमकी किती उरली ते सांगत नाही, म्हणून मी एकदाच धरून चालतो. गेल्या मार्चनंतर त्या पानावर नवी नोंद नाही. पिवळं फडकं हिनं खिडकीच्या गजांना लावलंय.